‘आपल्याकडे का झालं नाही?’ या प्रश्नाचं काय करायचं : १९५६ सालचे दोन ॲनिमेशन स्टुडिओ

मागच्या महिन्यात शिरूरला गेले होते. एका मैत्रिणीच्या ओळखीने तिथल्या अभ्यासिकेत पेटची तयारी करणाऱ्या सात-आठ जणांशी गप्पा झाल्या. विषय कसा निवडायचा, आराखडा कसा लिहायचा, नेहमीचंच सगळं. शेवटी एका मुलाने विचारलं, “ताई, तुमचा विषय ॲनिमेशनचा इतिहास आहे ना? मी काल रात्री मोबाइलवर ‘पॅप्रिका’ बघितला. जपान्यांनी हे २००६ साली केलं. आपल्याकडे असं का झालं नाही? आपल्या लोकांना कल्पनाशक्तीच नाही का?”

बाकीचे हसले. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि एसटी पकडली. पण गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली तरी प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तो मला नवीन नव्हता. माझ्या पीएचडीच्या पहिल्या आराखड्यात मी जवळजवळ हेच लिहिलं होतं, फक्त भाषा जड होती : ‘भारतात विज्ञानकथात्म ॲनिमेशनचा विकास न होण्यामागे कल्पकता व इच्छाशक्ती यांचा अभाव दिसतो.’ माझ्या मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली लाल शाईने एकच शब्द लिहिला : ‘पुरावा?’

त्या लाल शब्दाने माझे आठ-नऊ महिने घेतले. आज तुम्हाला त्याबद्दल सांगते. संशोधनाच्या तयारीत असाल तर हा प्रश्न तुम्हालाही कुठल्या ना कुठल्या रूपात भेटणार आहे : आपल्याकडे कापडगिरण्या का टिकल्या नाहीत, आपल्या गावात वाचनालय का वाढलं नाही, आपल्या भाषेत अमुक साहित्य का आलं नाही.

एकाच वर्षी, दोन शहरांत

सुरुवात दोन तारखांपासून करू.

१९५६ साली तोक्योत तोएई या चित्रपट कंपनीने एक छोटा ॲनिमेशन स्टुडिओ विकत घेतला आणि ‘तोएई दोगा’ ही स्वतंत्र संस्था उभी केली. कंपनीचे प्रमुख हिरोशी ओकावा यांना ‘पूर्वेकडचा डिस्ने’ व्हायचं होतं. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांचा ‘हाकुजादेन’ हा चित्रपट आला. एका चिनी लोककथेवरचा हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेशनपट.

त्याच १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. त्याला शिकवायला आले क्लेअर वीक्स. हे खुद्द डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले ॲनिमेटर, ‘बॅम्बी’, ‘पीटर पॅन’ अशा चित्रपटांवर हात चालवलेले. विशेष म्हणजे त्यांचा जन्म भारतातच, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला होता. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून ते मुंबईला आले. त्यांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली त्यांत जी. के. गोखले होते, राम मोहन होते. या विभागातून जातककथेवरचा ‘द बनियन डियर’ हा चित्रपट निघाला.

आता बघा. तोक्योवाले लांबून डिस्नेकडे बघत होते, मुंबईत डिस्नेचा माणूस शेजारी बसून शिकवत होता. ‘तंत्र आपल्यापर्यंत पोचलंच नाही’ हे उत्तर इथेच बाद होतं.

त्याआधीची पाटीही कोरी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगपेटीतल्या काड्या पडद्यावर हलवून दाखवल्या होत्या. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली १९३३ मध्ये आणि १९३४ मध्ये तिच्याकडून ‘जंबू काका’ हा कार्टूनपट आला. तो रघुनाथ केळकरांनी केला होता. म्हणजे आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवाराशी मराठी ॲनिमेशनचं नातं नव्वद वर्षांचं आहे.

इथे एक धोका सांगून ठेवते. दोन घटनांचं साल जुळलं की आपल्याला फार आनंद होतो. मीही ‘१९५६’ला लाल गोल केला होता. पण साल जुळणं हा योगायोग आहे. त्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याचा उपयोग एवढाच की तुलना एका सरळ रेषेवरून सुरू करता येते. पुढची वाट कुठे फुटली, ते मग कागदपत्रांत शोधायचं.

पैसे कोण देणार?

ॲनिमेशनचा हिशेब कळल्याशिवाय त्याचा इतिहास कळत नाही. म्हणून थोडं गणित.

चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी जातात. दहा मिनिटांच्या कार्टूनला १४,४०० चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरलं तरी ७,२०० चित्रं होतात. त्यातलं प्रत्येक चित्र पेन्सिलने काढायचं, पारदर्शक सेलवर उतरवायचं, मागून रंगवायचं, पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याखाली एकेक करून टिपायचं. दीड तासाच्या चित्रपटाला याच हिशेबाने जवळपास ६५,००० चित्रं. साध्या चित्रपटात नट उभा राहिला की कॅमेरा चालतो. इथे नटाने नुसती मान वळवली तरी चार-पाच माणसांचा दिवस जातो. त्यामुळे ‘हे काम कोणाच्या पैशावर चालणार’ हाच या कलेचा पहिला प्रश्न असतो.

मुंबईत पैसे सरकारचे होते. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. तिचे माहितीपट आणि वार्तापट थिएटरवाल्यांना मुख्य चित्रपटाआधी दाखवावेच लागत. तुमच्या घरातल्या पन्नाशी-साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये तंबूत सतरंजीवर बसून त्यांनी मुख्य चित्रपटाआधी ही छोटी चित्रं पाहिली असतील. कुटुंब नियोजन, लसीकरण, बचत, एकात्मता असे विषय, आणि मधूनच एखादं कार्टून. कार्टून आलं की तंबूतला गलका थांबायचा, असं मला मुलाखतींमध्ये बऱ्याच जणांनी सांगितलं.

म्हणजे प्रेक्षक होता आणि तोही प्रचंड. पण तो तिकीट काढून कार्टून बघायला आलेला नव्हता. कार्टून आवडलं म्हणून पुढचं कार्टून निघेल, अशी साखळी कुठे नव्हती. कोणता विषय निघणार ते खात्याच्या गरजेवर ठरायचं. ॲनिमेटर पगारी नोकर होता. पगार नियमित होता, ही त्यातली चांगली बाजू. विषय मात्र वरून यायचा.

पण ‘सरकारी म्हणजे कंटाळवाणं’ असं लिहून मोकळं होऊ नका. तेही पुराव्यात बसत नाही. याच विभागात प्रमोद पती होते. ते प्रागला जाऊन यिरी त्रन्का यांच्याकडे बाहुल्यांचं ॲनिमेशन शिकून आले होते. १९६८ चा त्यांचा ‘एक्स्प्लोरर’ बघा. यंत्रं, तरुण, मंत्र, प्रयोगशाळा हे सगळं इतक्या वेगाने डोळ्यांवर आदळतं की सरकारी खात्याने हे पास कसं केलं असा प्रश्न पडावा. चित्रकार आबिद सुरतींना घेऊन त्यांनी ‘आबिद’ केला. त्यात जिवंत माणसालाच चौकटी-चौकटीने हलवलं आहे. कल्पनाशक्ती नव्हती म्हणणाऱ्याने आधी हे दोन छोटे चित्रपट बघावेत.

विज्ञानकथा आली ती चॉकलेटच्या डब्यातून

आता तोक्योकडे. पुष्कळांना वाटतं की जपानी ॲनिमेशन पहिल्यापासून रोबोट आणि अंतराळयानांचं. तसं नाही. तोएईचे सुरुवातीचे चित्रपट परीकथा आणि लोककथांचे होते. विज्ञानकथा आली ती दुसऱ्याच दारातून.

ओसामु तेझुका यांचं शिक्षण वैद्यकीय, पण व्यवसाय चित्रकथांचा, म्हणजे मांगाचा. त्यांचा ‘तेत्सुवान आतोमु’ हा यंत्रमुलगा १९५२ पासून मुलांच्या मासिकात येत होता. १९६१ मध्ये त्यांनी मुशी प्रॉडक्शन हा स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १ जानेवारी १९६३ ला आतोमुची मालिका टीव्हीवर सुरू झाली. तीच पुढे जगभर ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून गेली. १९६६ च्या अखेरपर्यंत तिचे १९३ भाग झाले.

आठवड्याला एक भाग. वरचं गणित आठवा. हे शक्यच नाही. मग मुशीने काटछाट केली. एक चित्र तीन चौकटींना वापरायचं. बोलताना फक्त ओठ हलवायचे. उडणारा आतोमु एकदा काढून ठेवायचा आणि तोच तुकडा पन्नास ठिकाणी लावायचा. तोएईतल्या कलावंतांना हा गबाळेपणा वाटला. तरीही खर्च भागेना. तो भरून निघाला दुसरीकडून. मालिकेचा प्रायोजक मेइजी ही चॉकलेट-बिस्किटांची कंपनी होती. आतोमुची चिकटचित्रं चॉकलेटबरोबर मिळू लागली आणि मुलं त्यांच्यावर तुटून पडली. शिवाय मालिका अमेरिकेला विकली गेली.

ही साखळी नीट बघा : मासिक, मासिकाचा वाचक, टीव्ही, चॉकलेट, परदेशी विक्री. यात विज्ञानकथेचा नायक फार सोयीचा पडला. रोबोटचं खेळणं होतं, स्टिकर होतं. भाव दाखवायला चेहरा कमी हलवला तरी चालतं, कारण तो यंत्रच आहे. म्हणजे विज्ञानकथेचं आकर्षण अणुयुगाच्या भीतीतून आलं, युद्धातल्या संहारातून आलं, हे खरंच आहे. पण ती आठवड्याच्या आठवड्याला पडद्यावर टिकली ती या साखळीमुळे.

पुढे हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९८८ चा कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘अकिरा’ घ्या. त्यासाठी पैसे घालायला एक समितीच केली होती. तिच्यात प्रकाशक कोदान्शा, खेळणी बनवणारी बांदाई, जाहिरात कंपनी हाकुहोदो, चित्रपट वितरक तोहो हे सगळे होते. एका चित्रपटाची जोखीम चार-सहा धंद्यांनी वाटून घेतली.

१९७२ : पुन्हा एक जुळलेलं साल

मुशी प्रॉडक्शन टिकली नाही. १९७३ मध्ये तिचं दिवाळं निघालं. पण ती बुडायच्या सुमारास तिथली माणसं बाहेर पडली आणि त्यांनी नवे स्टुडिओ काढले. त्यातला एक म्हणजे १९७२ चा मॅडहाउस. मासाओ मारुयामा, ओसामु देझाकी, रिनतारो, योशिआकी कावाजिरी ही संस्थापक मंडळी. शिरूरच्या त्या मुलाने मोबाइलवर पाहिलेला ‘पॅप्रिका’ याच स्टुडिओचा.

यातल्या रिनतारो यांचा प्रवास मला फार बोलका वाटतो. ते तोएईत ‘हाकुजादेन’च्या वेळी अगदी कोवळ्या वयात हाताखाली लागले. तिथून मुशीत गेले, ‘आतोमु’चे भाग केले. मग मॅडहाउसचे संस्थापक झाले आणि २००१ मध्ये त्यांनी तेझुकांच्याच जुन्या चित्रकथेवर ‘मेट्रोपोलिस’ दिग्दर्शित केला. तिची पटकथा ‘अकिरा’वाल्या ओतोमोंची. एका माणसाच्या आयुष्यात तीन स्टुडिओ, आणि एक स्टुडिओ बुडाला तरी कसब दुसरीकडे कामाला लागलं.

याच १९७२ मध्ये मुंबईत राम मोहन यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला, राम मोहन बायोग्राफिक्स. १९५६ ला कार्टून विभागात लागलेला माणूस सरकारी नोकरी सोडून, मध्ये प्रसाद प्रॉडक्शन्समध्ये काम करून, आपल्या पायावर उभा राहिला. रिनतारो आणि राम मोहन यांच्या आयुष्यरेषा इथपर्यंत जवळजवळ समांतर जातात.

मग फरक कुठे पडला? याच १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पण वाहिनी एकच, सरकारी, आणि १९७६ पर्यंत तिच्यावर जाहिरातीच नव्हत्या. आठवड्याला एक भाग विकत घेणारा कुणी नव्हता. म्हणून राम मोहन यांच्या स्टुडिओचं पोट भरलं ते जाहिरातपट, शैक्षणिक चित्रपट आणि इतरांच्या चित्रपटांतल्या ॲनिमेशनवर. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये सुरुवातीला जो ॲनिमेशनचा मिस्कील भाग येतो, तो राम मोहन यांचा. काम उत्तमच होतं, पण तुकड्यातुकड्याने येणारं. सलग कथा सांगायला लागणारे पन्नास-शंभर लोक वर्षानुवर्षं पोसता येतील, असा ग्राहक बाजारात नव्हता.

कथा होत्या, वाट नव्हती

मग प्रश्न राहतो कथांचा. सांगायला विज्ञानकथाच नसतील तर स्टुडिओ काय करणार?

मराठीपुरतं तरी हे बाद आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या ओळखीचा केला. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथा स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. खरा लेखक निघाला जयंत विष्णू नारळीकर. नावाची आद्याक्षरं उलटी केलेली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून उतरवून घेतलेली. नावाच्या वजनावर बक्षीस नको, हा हेतू. संशोधनात आपण ‘अनाम परीक्षण’ म्हणतो ते त्यांनी स्पर्धेत करून दाखवलं. पुढे बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर अशी मोठी फळी उभी राहिली. दिवाळी अंकांत विज्ञानकथेला हक्काची जागा मिळाली.

आता ‘पॅप्रिका’कडे परत या. मनोरुग्णाच्या स्वप्नात शिरून उपचार करता येतील असं यंत्र तयार होतं, ते चोरीला जातं आणि स्वप्नं दिवसाढवळ्या रस्त्यावर येतात, अशी ही कथा. सातोशी कोन यांनी ती पडद्यावर आणली, पण मूळ कादंबरी यासुताका त्सुत्सुई यांची, १९९३ ची. याच त्सुत्सुईंची आणखी एक गोष्ट आहे, काळात उडी मारणाऱ्या मुलीची. ती १९६५ पासून शाळकरी मुलांच्या मासिकात क्रमशः आली, १९६७ मध्ये पुस्तक झाली, १९७२ मध्ये सार्वजनिक वाहिनी एनएचकेने तिच्यावर मालिका केली, १९८३ मध्ये चित्रपट आला आणि २००६ मध्ये मॅडहाउसने तिच्यावर ॲनिमेशनपट केला. ‘पॅप्रिका’ही त्याच वर्षीचा. म्हणजे मासिकातली गोष्ट ॲनिमेशनपर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली, पण दर टप्प्यावर तिला पुढे नेणारं कुणीतरी होतं.

नारळीकरांच्या गोष्टीही पडद्यावर गेल्याच नाहीत असं नाही. ‘धूमकेतू’वर बाल चित्रपट समितीने हिंदीत चित्रपट केला. पण तो पुन्हा सरकारी संस्थेचा एकेकटा प्रयत्न. दिवाळी अंकातून पुस्तक, पुस्तकातून ग्रंथालय, इथपर्यंत मराठी विज्ञानकथेची वाट पक्की होती. ग्रंथालयातून ताडदेवच्या किंवा पेडर रोडच्या ॲनिमेटरच्या टेबलापर्यंतची वाट कुणी बांधली नव्हती, कारण त्या वाटेवरून जायला कुणाला पैसे मिळणार नव्हते. लेखक पुण्यात होता, चित्रकार मुंबईत होता. मध्ये फक्त घाट होता असं नाही. मध्ये एक संपूर्ण धंदा नव्हता.

दोघं भेटले तेव्हा

आणि एकदा तोक्यो आणि मुंबई खरंच भेटले. युगो साको हे जपानी निर्माते १९८० च्या दशकात रामायणाशी जोडलेल्या उत्खननांवर माहितीपट करायला भारतात आले आणि रामायणाच्या प्रेमात पडले. त्यातून ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा ॲनिमेशनपट उभा राहिला. रामायणासारख्या विषयावर कार्टून म्हणजे काय, यावरून आक्षेप आले, सरकारी सहनिर्मितीचा बेत बारगळला आणि अखेर जपानी कंपनीनेच तो केला. दिग्दर्शकांत कोइची सासाकी यांच्याबरोबर राम मोहन होते, संगीत वनराज भाटियांचं. धोतर कसं नेसतात, मोठ्यांच्या पाया पडल्यावर आशीर्वादाचा हात कुठे येतो, हे भारतीय ॲनिमेटरांनी जपानी सहकाऱ्यांना दाखवलं.

१९५६ च्या कार्टून विभागात शिकलेला माणूस जपानी चमूच्या बरोबरीने दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसू शकला, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात ठोस पुरावा. कसबात कमी असती तर हे झालं नसतं. मागे पैसा आणि यंत्रणा उभी राहिली, तेव्हा काम झालं.

जाता जाता तारखांचा एक धडा. हा चित्रपट तुम्हाला कुठे १९९२ चा म्हणून सापडेल, कुठे १९९३ चा. चित्रपट पूर्ण झाला १९९२ मध्ये, आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दिसला जानेवारी १९९३ मध्ये, जपानच्या थिएटरांत मर्यादित स्वरूपात आला १९९७ मध्ये, आणि भारतात नव्या प्रतीसह थिएटरांत लागला तो २४ जानेवारी २०२५ ला. यातली एकही तारीख चूक नाही. तुमच्या टिपणवहीत नुसतं साल लिहू नका. कशाचं साल, ते लिहा.

मग प्रश्न कसा विचारायचा?

माझा आराखडा मी असा बदलला.

‘विज्ञानकथात्म ॲनिमेशन का झालं नाही’ हा प्रश्न काढून टाकला. जे झालंच नाही त्याचा दस्तऐवज नसतो. तिथे आपण स्वतःचे पूर्वग्रह भरतो, आणि ते भरताना बहुतेक वेळा आपल्याच माणसांना नावं ठेवतो. त्याऐवजी तीन प्रश्न घेतले, ज्यांची उत्तरं कागदावर सापडू शकतात.

पहिला : प्रत्येक काळात ॲनिमेशनचा खर्च कोण उचलत होतं? खातं, जाहिरातदार, प्रकाशक की प्रेक्षक?

दुसरा : तयार झालेलं काम प्रेक्षकापर्यंत कुठल्या मार्गाने जात होतं, आणि प्रेक्षकाची आवड उलट दिशेने स्टुडिओपर्यंत पोचत होती का?

तिसरा : कथा स्टुडिओत कुठून येत होती? फाइलमधून, मासिकातून, की ॲनिमेटरच्या स्वतःच्या डोक्यातून?

हे तीन प्रश्न तोक्योला लावा, मुंबईला लावा. उत्तरं वेगळी येतात आणि त्या वेगळेपणातून पुढचा इतिहास बराचसा उलगडतो. ‘बराचसा’ हा शब्द जपून वापरते आहे. देझाकी, कोन, पती यांच्यासारख्या माणसांचा स्वभाव आणि झपाटलेपण या तक्त्यात मावत नाही. तुलनेने सगळं सुटतं असं वाटू लागलं की समजा, काहीतरी निसटलंय.

आणखी एक. तुलना करताना जपानला कायम ‘पूर्ण’ आणि आपल्याला कायम ‘अपुरं’ मानायची सवय लागते. जपानी ॲनिमेटरांचा अपुरा मोबदला आणि रात्रंदिवस चालणारं काम हाही आतोमुच्या त्या पहिल्या काटकसरीचाच वारसा आहे, असं तिथले अभ्यासक सांगतात. फिल्म्स डिव्हिजनचा पगारी ॲनिमेटर निदान महिन्याच्या पहिल्या तारखेला निर्धास्त होता. दोन्ही बाजूंची किंमत मांडली तरच तुलना खरी.

हे शिरूरमधून करता येतं का?

त्या दिवशी अभ्यासिकेत दुसऱ्या एका मुलीने विचारलं होतं की असे विषय मुंबई-पुण्याच्या लोकांनीच करायचे का. अजिबात नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे, १९६४ पासून. शिरूरहून सकाळच्या एसटीने निघालात तर वाचनालय उघडताना पोचाल. फिल्म्स डिव्हिजन आणि हे संग्रहालय आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं आहे, त्यामुळे परवानगीचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते आधी फोन करून विचारून घ्या.

पण माझ्या विषयातला मोठा भाग पुण्यात नाहीच, तो तुमच्याकडे आहे. स्टुडिओचा इतिहास बऱ्याच जणांनी लिहिलाय. तंबूत बसून ती चित्रं कुणी, कधी, कुठल्या जत्रेत पाहिली, हे फार थोड्यांनी लिहिलंय. शिरूर, दौंड, रांजणगाव, पाबळ, पारगाव इथल्या जत्रांत टुरिंग टॉकीज चालवणारे, तंबू ठोकणारे, प्रोजेक्टर फिरवणारे हात आता म्हातारे झालेत. त्यांच्याकडे परवाने असतील, भाड्याच्या पावत्या असतील, पत्र्याच्या ट्रंकेत एखादं रीळही असेल. फिल्म्स डिव्हिजनचं रीळ मुख्य चित्रपटाबरोबर यायचं का, ते खरंच दाखवलं जायचं की नुसती सही व्हायची, हे तेच सांगू शकतात. आणि माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे प्रेक्षकाची आवड उलटी पोचत होती का याचं, अर्धं उत्तर त्यांच्या आठवणींत आहे.

तुमच्या पिढीचंही लिहून ठेवा. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी जो मोगली यायचा, तो निप्पॉन ॲनिमेशन या जपानी स्टुडिओचा. गाणं गुलजारांचं, त्यामुळे तो जपानी आहे हे आमच्या घरात कुणाला कळलंही नव्हतं. आज तुम्ही मोबाइलवर ‘पॅप्रिका’ बघता. तो कुठून उतरवला, कुठल्या उपशीर्षकांसह बघितला, कुणी सुचवला, ही सगळी उद्याची साधनं आहेत.

‘पॅप्रिका’ पाहिलेल्या त्या मुलाला मी परवा फोन केला. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, पण प्रश्न दुरुस्त झालाय. तो म्हणाला, “ताई, माझे आजोबा टुरिंग टॉकीजवर गेटकीपर होते. तंबू पाबळला होता की केंदूरला, ते विचारून सांगतो.”

मी त्याला म्हटलं, विचारताना साल पण विचार. आणि कशाचं साल, तेही.